पाय झोपू देत नाहीत

ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी बंद करताना झोप का उडते आणि तोवर रात्री काढायच्या कशा, हे मला गेल्या महिन्याभरात दोघींनी विचारलं. एक आमच्या शाळेतलीच, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गोळ्या सुरू असलेली. दुसरी माझ्या नणंदेची जाऊ. दोघींनाही फोनवर धड सांगता आलं नाही, कारण आमच्या घरात फोन हा सार्वजनिक कार्यक्रम असतो. म्हणून सगळं इथे लिहून टाकते.

माझं थोडक्यात. मणक्यातली गादी सरकली, ऑपरेशन झालं, दुखू नये म्हणून ट्रामाडॉल सुरू झालं आणि सुरूच राहिलं. आधी दिवसाला दोन कॅप्सूल, मग ५० मिलिग्रॅमच्या चार. दहावीला गणित शिकवायचं म्हणजे तास-तासभर फळ्यापुढे उभं राहायचं, आणि कॅप्सूल घेतली की उभं राहता यायचं. असं दीड-एक वर्ष गेलं. चोरून काही नव्हतं, डॉक्टरांची चिठ्ठी होती.

मग एकदा कॅप्सूल संपल्या आणि मेडिकलवाल्या दादाने हात वर केले. "मॅडम, चिठ्ठी जुनी झाली. हे औषध आता नार्कोटिक्समध्ये येतं, नवीन चिठ्ठीशिवाय मला देता येत नाही." त्याचं बरोबरच होतं. २०१८ साली ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, तेव्हापासून त्याचा हिशोब कडक असतो. आमचे हाडांचे डॉक्टर नेमके परगावी. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या शिंका सुरू झाल्या. नाक गळतंय, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोट बिघडलेलं, आणि जांभया तर इतक्या की वर्गात पोरं हसायला लागली. घरच्यांनी निदान केलं, व्हायरल. रात्री डोळ्याला डोळा नाही. डॉक्टर परत आले, चिठ्ठी मिळाली, कॅप्सूल घेतली आणि तासा-दीड तासात व्हायरल बरं झालं.

असं व्हायरल जगात नसतं, एवढं कळायला गणिताची शिक्षिका असावं लागत नाही.

साताऱ्याला एक मानसोपचारतज्ज्ञ मॅडम आहेत, त्यांच्याकडे गेले. घरातून निघताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू काय दारू पितेस का?" त्यांचाही दोष नाही. व्यसनमुक्ती म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दारूच येते. हे मात्र काही न बोलता बरोबर आले आणि बाहेर बाकड्यावर पेपर वाचत बसले.

मॅडमनी जे समजावलं त्यातलं झोपेपुरतं सांगते. ट्रामाडॉल दोन कामं एकदम करतं. एक, अफूच्या कुळातल्या औषधांसारखं दुखणं दाबतं. दोन, डिप्रेशनच्या काही गोळ्यांसारखं मेंदूतलं सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढवतं. बंद करताना या दोन्हींचा आधार जातो. मेंदूत सावध ठेवणारा एक भाग असतो, तो या औषधाने महिनोन्‌महिने दाबलेला असतो. दाब काढला की तो उसळतो. घाम, काटा, धडधड, टक्क जाग, हे सगळं त्याचं काम. म्हणून दिवसभर जांभया येतात आणि रात्री झोप येत नाही. जांभई हे इथे झोपेचं लक्षणच नाही, शिंकांसारखंच तेही औषध उतरल्याचं लक्षण.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला जास्त लागली. गोळीवर असताना मी झोपत होते असं मला वाटायचं, ती बरीचशी गुंगी होती. या कुळातली औषधं गाढ झोप कमी करतात आणि स्वप्नांची झोपही कमी करतात. रात्री श्वासही मंद करतात. तेव्हा ह्यांनी बोलावं असं माझ्या मनात नव्हतं, पण त्यांना आत बोलावल्यावर ते म्हणाले, "ही घोरता घोरता मधेच थांबते. मी हलवून बघतो कधी कधी." वर्षभर हा माणूस रात्री मला हलवून बघत होता आणि मला पत्ता नाही.

गोळी उतरवायची कशी, यात माझा विषय कामाला आला. वर्षाहून जास्त घेतलेल्या माणसाची मात्रा महिन्याला साधारण १० टक्के, सोसेल तशी कमी करायची, असं मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, मूळ मात्रेचे १० टक्के की उरलेल्याचे? उरलेल्याचे धरले तर ती भूमितीय श्रेढी झाली, शून्य कधीच येणार नाही. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मूळचे धरू. शेवटी शेवटी बघू." कॅप्सूल तोडता येत नाही, म्हणून ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ पॅरासिटामॉल अशी जी जोडगोळी येते तिच्यावर आणलं. दिवसाला पाच, म्हणजे १८७.५. अर्धी गोळी १८.७५, पाचांचे बरोब्बर १० टक्के. इतकं सुबक उदाहरण मला पाठ्यपुस्तकातही सापडलेलं नाही. (तोडायच्या आधी विचारा. एसआर लिहिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी तोडली तर दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. आणि एकदम बंद तर करूच नका. ट्रामाडॉलच्या बाबतीत फिट येण्याचा धोका मोठ्या डोसला जास्त असतो हे लोकांना माहीत असतं, पण झटक्यात सोडल्यावर काहींना भास आणि प्रचंड घबराटही होते, हे फारसं कुणी सांगत नाही.)

दुपारची आधी कमी केली, रात्रीची सगळ्यात शेवटी. तरी रात्री तीनला जाग यायचीच. ट्रामाडॉल शरीरातून साधारण सहा तासांत निम्मं होतं. नऊला घेतलेली तीनला अर्धी. शरीराला हे गणित माझ्याआधी येत होतं.

आता पाय.

झोप न येण्याबद्दल लोक बोलतात तेव्हा त्यांच्या डोक्यात विचार असतात, काळजी असते. इथे काळजीबिळजी नंतर. आधी पाय. अंथरुणाला पाठ टेकून दहा मिनिटं झाली की पोटऱ्यांच्या आत, हाडाच्या जवळ कुठेतरी, वळवळायला लागतं. दुखत नाही, खाजत नाही, मुंग्याही नाहीत. हलवला की दोन सेकंद बरं. पुन्हा सुरू. पाय झाडायचा, गुडघ्यात दुमडायचा, दुसऱ्या पायाखाली दाबायचा, उताणं, पालथं, चादर गोळा होऊन कमरेखाली. मणका धड नाही, त्यामुळे कूस बदलतानाही हिशोब. शेवटी उठून स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहायचे. गार फरशीने तळव्यांना बरं वाटायचं. आमचं घर कऱ्हाडला कारखान्याच्या रस्त्यावर, आणि तेव्हा गळीत हंगाम जोरात. रात्रभर उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, टेप फुल्ल आवाजात. त्या हंगामात कोणतं गाणं चाललंय हे मी कोणत्याही पोरापेक्षा चांगलं सांगू शकले असते.

सासूबाईंनी जायफळ घातलेलं दूध दिलं, त्याने झोप आली नाही, पण नको कशाला म्हणायचं. दुसरा उपाय मात्र लागू पडला. त्यांनी काशाची वाटी काढली, तळव्याला तूप लावलं आणि घासायला बसल्या. तळवा काळा होईपर्यंत. घासत होत्या तोवर पाय पूर्ण गप्प. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या की चोळणं, ताणणं, गरम-गार पाणी, अशा वेगळ्या स्पर्शाने पायांची ही वळवळ थोडा वेळ दबतेच. मग मी रोज झोपायच्या आधी बादलीत सोसेल इतकं गरम पाणी घेऊन पोटऱ्यांपर्यंत पाय सोडून बसायला लागले, आणि वर वाटी. सासूबाईंना व्यसनमुक्ती पटली नव्हती, पण या कामात त्यांनी एक दिवस खाडा केला नाही.

मॅडमनी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन कमी असू शकतं, आणि पायांच्या अशा अस्वस्थतेत ते ७५ च्या खाली असेल तर लोह द्यायचा विचार करतात. माझं बरंच खाली निघालं. आपल्याकडच्या बायकांचं निघणारच. लोहाची गोळी सुरू झाली. तिचा फरक लगेच नाही, पण पुढे जाणवला. रात्री थोडी क्लोनिडीनही दिली होती, तो उसळलेला भाग शांत करायला. ती बीपीची गोळी आहे, उठताना चक्कर येते, तेव्हा मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका.

मैत्रिणींवरून आठवलं. शेजारच्या काकूंनी प्रेमाने दोन गोष्टी दिल्या. एक, अल्प्राझोलाम या झोपेच्या गोळीची अर्धी स्ट्रिप, "आमच्या ह्यांना हिनेच लागते हो." ट्रामाडॉल अजून पोटात असताना वरून ती घेतली तर श्वास मंदावायला दोन्ही एकमेकींना मदत करतात. शिवाय एक सोडवताना दुसरी लावून घ्यायची. दुसरी, एव्हिल, सर्दीची, तिनेही गुंगी येते म्हणून. एव्हिलसारख्या गुंगीच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी पायांची वळवळ उलट वाढते. दोन्ही परत केल्या. काकू आठवडाभर बोलल्या नाहीत.

बाकी नियम मॅडमनी घालून दिले ते ऐकायला सोपे आणि पाळायला जुलमी. रात्र कशीही जावो, सकाळी साडेपाचला उठायचं. रविवारीसुद्धा. दुपारी आडवं व्हायचं नाही. दुपारी दोननंतर चहा नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये हे पाळून दाखवा. अंथरुणात वीसेक मिनिटं जागं पडलात तर उठायचं, दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे मिटायला लागले की परत यायचं. अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, असं शरीराच्या डोक्यात बसू द्यायचं नाही. आणि घड्याळ भिंतीवरून काढायचं. हे शेवटचं मी टाळत होते. वेळ कळल्याशिवाय उरलेली झोप मोजणार कशी? तेच मोजायचं नव्हतं.

त्या दुसऱ्या खोलीत मी काय करायचे? चाचणीचे पेपर तपासायचे. वाचन जमत नव्हतं, ओळ डोक्यात राहायची नाही. मोबाइल बंद. पण त्रिकोणमितीचं उत्तर बरोबर की चूक, एवढं मेंदू तेव्हाही सांगू शकायचा. पहाटेच्या पेपरांना मार्क जरा सढळ हाताने पडले, हे त्या बॅचने कधी वाचू नये.

गोळ्या ह्यांच्या ताब्यात होत्या, कपाटात कुलूप लावून. रोजच्या सकाळी मोजून मिळायच्या. हे मीच सुचवलं. कारण दिवसा मी ठाम असायचे, आणि पहाटे तीनला तीच मी, घाम आलेला, पाय वळवळतायत, आणि पक्की खात्री की उद्याची अर्धी आत्ता घेतली तर काय बिघडलं. एकदा ह्यांना उठवून किल्ली मागितली. ते म्हणाले, "सकाळी देतो," आणि उठून चहा ठेवायला लागले. मी म्हटलं चहा चालत नाही. मग गरम पाणी पीत दोघं बसलो, भांडलो थोडं. तीनच्या सुमारास नुसती गोळीच आठवते असं नाही, जगायला नको असंही मनात येऊन जातं. तसं आलं तर सकाळची वाट बघू नका, घरातल्याला उठवा. टेलिमानसचा १४४१६ रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ आहे.

किती दिवस, हा सगळ्यांचा प्रश्न. शिंका, पोट, काटा, हे प्रत्येक वेळी मात्रा उतरवली की काही दिवसांत शांत व्हायचं. झोप सगळ्यात मागे राहते. शेवटची अर्धी गोळी सुटल्यावरही काही आठवडे, कुणाला काही महिने. मधे स्वप्नांचा पूर येतो. दाबलेली स्वप्नांची झोप व्याजासकट परत येते म्हणे. मला एका रात्रीत वारलेले वडील, शाळेचं इन्स्पेक्शन आणि रेल्वेत सुटलेली चप्पल, असं सगळं दिसायचं आणि मी दमून उठायचे. पण झोपून दमले होते, हा फरक मला कळत होता. मग एकदा सलग चार तास लागली. पुन्हा तीन रात्री नाही. सरळ रेषेत काही सुधारत नाही. आलेख काढला असता तर पोरांना काढायला दिला नसता.

एक सांगायचं राहत होतं. एकदा शरीराची सवय सुटली की जुना डोस, पूर्वी रोज पचणारा, धोक्याचा होतो. म्हणून उरलेल्या गोळ्या "असू दे अडीनडीला" म्हणून कपाटात ठेवू नका. माझ्या उरलेल्या मी मेडिकलवाल्या दादालाच नेऊन दिल्या, म्हटलं काय करायचं ते कर, माझ्या घरात नकोत.

पाठ अजून दुखते. फिजिओथेरपी, पॅरासिटामॉल, आणि वर्गात एक उंच स्टूल. गेल्या महिन्यात अक्कलदाढ काढली. दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ट्रामाडॉल लिहायला घेतलं, मी पेन थांबवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दिलं. रात्री दाढ ठणकलीच, अकरा वाजले, बारा वाजले. सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "वाटी काढू का?" मी म्हटलं, नको, पाय बरे आहेत, नुसती दाढ आहे.