मंगेशी आणि म्हार्दोळच्या मधे

गुरुवार, रात्री

आज ताईच्या सहलीचं कोलवा झालं. उद्या सकाळी म्हापशाचा बाजार, मग बांदा, आंबोली करत सांगली. त्यांचा कार्यक्रम मला पाठ झालाय, आणि पाठ झालाय याचीच चीड येतेय.

सोमवारपासून तो कागद डोळ्यांपुढून हलत नाही. ताईच्या पर्समध्ये चार घड्या घालून ठेवलेला. शनिवार ते शुक्रवार, एकेका दिवसाला एकेक रकाना, त्यात ठिकाण आणि वेळ छापलेली. मंगेशी, पाऊण तास. त्याखाली म्हार्दोळ, वीस मिनिटं. आणि त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत, बॉलपेनने, ताईच्या गोल मास्तरणीच्या अक्षरात: बेबी. वेळ लिहिलेली नाही.

निघताना बसच्या पायरीवर उभं राहून तिने पेन काढलं आणि दोन खुणा केल्या. मंगेशी, बरोबर. बेबी, बरोबर. मग हात हलवला.

एवढंच झालं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं मग, चूक तर नाही ना दिली?" त्यांच्याशी या विषयावर परत बोलायचं नाही.

ताई आठवडाभर गोव्यात येणार हे कळलं त्याच दिवशी मी माळ्यावरची गादी काढून उन्हात टाकली होती. एक रात्र तरी येईल असं धरून चालले होते. तर मुक्काम सगळा कळंगुटला, हॉटेल आधीच ठरलेलं, खोलीत सोबतीला गावभागातल्या काकू. "अगं, पैसे भरलेत ना सगळे," हे तिचं उत्तर. पैसे भरलेत! माझ्याकडे भरावे लागत नाहीत म्हणून नको की काय? सह्यांचं ते प्रकरण झाल्यापासून ती आमच्याकडे राहिलेली नाही. असो.

सोमवारी पहाटे उठून खतखतं केलं. सोमवारी मासळी नाहीच. सुरण, कणंगं, मुळा, शेवग्याच्या शेंगा, हात राखून न घातलेला नारळ, आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. फोंड्याहून मंगेशीला पोचले तरी डबा गरम होता. तळीच्या बाजूला सावली धरून दोघींनी खावं, असं मनात होतं.

बायका बसमधून उतरल्या त्या सगळ्या पिवळ्या टोप्या घालून. ताईच्या डोक्यावर टोपी! तिला ओळखलं ते चालण्यावरून. गाईड दीपस्तंभापाशी उभा राहून भराभरा सांगत होता: देव मूळचा कुठ्ठाळीचा, पोर्तुगीजांच्या धाकाने १५६० साली झुवारी ओलांडून इकडे आणला, कारण अंत्रुज महाल, म्हणजे हा आमचा फोंड्याचा भाग, तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हता. दोन मिनिटांत देव उरकला. मग हे मंगेशकरांचं गाव, दीनानाथांचा जन्म १९०० साली इथलाच, यावर तो चांगला रमला आणि बायकाही रमल्या, दोघीतिघी गुणगुणायला लागल्या. साडेचारशे वर्षांपूर्वी नदी ओलांडून आलेल्या देवाची जिथे पाऊण तासात बोळवण होते, तिथे घाट उतरून आलेल्या माझं काय? आणि त्याला निदान छापील जागा आहे.

मी म्हटलं, "ताई, आज सोमवार. संध्याकाळी पालखी निघते. थांब ना, रात्री हे सोडतील तुला कळंगुटला."

"अगं, संध्याकाळी बोट आहे."

देवाची पालखी एकीकडे आणि मांडवीतली बोट एकीकडे. बोट जिंकली. आईला कळलं असतं तर काय म्हणाली असती, तेही असो.

खतखतं शेवटी बसच्या दारात उघडलं. ताईने चार घास उभ्याउभ्या खाल्ले, डोळे मिटून, हे मात्र खरं. मग डबा आत गेला आणि अख्ख्या बसने चमचा चमचा चाखलं. मागच्या सीटवरच्या एका बाईंनी तिरफळ चावलं. जीभ बधिर झाली म्हणून त्यांनी जो आरडाओरडा केला, त्यात आमची उरलेली दहा मिनिटं गेली. कुणी पाणी देतंय, कुणी साखर. ताई त्यांची पाठ चोळत होती. माझ्या हातात तिने भडंगाची पिशवी आणि हळदीचं पाकीट कोंबलं, "वाळलीस गं," म्हणाली, आणि मग त्या दोन खुणा.

ती रात्र मी नुसती तळमळत काढली. मंगळवारी सकाळीही गाल फुगलेलेच होते. कुकर लावताना घड्याळाकडे लक्ष गेलं आणि मनात आलं, आता बॉम जेझूच्या चर्चमध्ये असतील. फोन उघडला तर खरंच, तांबड्या चिऱ्यांच्या त्या बिनगिलाव्याच्या भिंतीपुढे पिवळ्या टोप्यांची रांग. खाली ताईचा मेसेज: "१६०५ सालचं म्हणे. सेंट झेवियरची चांदीची पेटी फार उंच ठेवलीय, मान दुखली." उत्तर देणार नव्हते. दिलं. मानेला काय लावायचं ते लिहिलं.

बुधवारी तांबडी सुर्ला. काळ्या दगडाचं ते कदंबांच्या काळातलं एवढंसं महादेवाचं देऊळ, मागे सह्याद्रीची भिंत, आणि शेजारच्या नदीत पाय सोडून बसलेली ताई. साडी पोटरीपर्यंत वर. तोंडावर असं हसू की मी फोटो मोठा करून करून पाहिला. तांबडी सुर्ला आमच्यापासून फार तर दीड तासावर, मी अजून गेलेले नाही. दर पावसाळ्यानंतर जायचं ठरतं, मग कुणाचं तरी बाराव्याचं जेवण निघतं. बोटीतही कधी बसलेले नाही. मांडवीच्या पुलावरून जाताना खाली दिवे लावलेली ती बोट दिसते, गाणी ऐकू येतात, आणि आम्ही म्हणतो, काय तो गोंगाट.

त्या गोंगाटात ताई नाचली. काल रात्री तिने फोन करून स्वतःच सांगितलं. स्टेजवर बायकांना बोलावतात, ही पहिल्या झटक्यात वर.

"आणि गुडघे?"

"गुडघे हॉटेलवर ठेवून गेले होते."

आणि हसली. भावोजी गेल्यापासून असं हसणं मी...

ती माझ्याकडे राहिली असती तर कुठली बोट आणि कुठलं काय. माझ्या आधी उठून तिने चहा टाकला असता. मसाल्याचे डबे पुसून नावं बदलून लावले असते. सासूबाईंच्या खोलीत बसून सगळी औषधं विचारून घेतली असती, पोराच्या नोकरीचं विचारलं असतं, मी तिच्या साखरेचं विचारलं असतं, आणि दुसऱ्या रात्री भांडी आवरताना गाडी बरोबर सह्यांवर आली असती. तिसऱ्या दिवशी दोघीही देवळात, वेगवेगळ्या खांबांना टेकून. आठवडाभर कुणाची बहीण नाही, आई नाही, वहिनी नाही, नुसती पिवळी टोपी, यासाठीच तिने पैसे भरले असतील तर मी काय बोलणार?

पण एक रात्र. एक रात्र काय जड होती?

अख्ख्या कागदावर हाताने लिहिलेलं दुसरं काही नव्हतं, हे आज दुपारी ध्यानात आलं. सगळं छापील, फक्त मी पेनने. निदान वरच्या बाजूला तरी. मागची बाजू काही मी पाहिलेली नाही. तिथे कुणाकुणाची नावं असतील कोण जाणे.

संध्याकाळी परत फोन. म्हापशाला आमसुलं चांगली मिळतात का, बायकांना हवीत. मी म्हटलं, दुकानात अजिबात शिरू नका. उद्या शुक्रवार, भरलेला बाजार, गावागावातून बायका येऊन जमिनीवर टोपल्या मांडून बसतात, त्यांच्याकडून घ्या. काळीभोर, हाताला जरा ओलसर लागणारी सोलं घ्यायची. हरमलच्या मिरच्या सांगितलेल्या पहिल्या भावात घ्यायच्या नाहीत. काजू मोडून बघायचे. बोलता बोलता माझं मलाच कळत होतं की यांना हे जमणार नाही, लुबाडून घेतील.

"मग तूच ये की गं," ताई म्हणाली.

सकाळच्या कदंबच्या बसने पणजी, तिथून म्हापसा. हे म्हणाले, "त्यांना तिथे तासभर मिळणार, आणि तुझा जाऊन-येऊन अख्खा दिवस." मी कापडी पिशव्या शोधत होते, त्यामुळे ऐकू आलं नाही.

आत्ता यादी आलीय. गावभागातल्या काकूंना आमसुलं अर्धा किलो, ते खोडून एक किलो. ड्रायव्हरशेजारच्या जोडीला मिरच्या. ताईला स्वतःला काही नको, नेहमीसारखंच. आणि सगळ्यांत खाली, त्या दिवशी जीभ बधिर झालेल्या बाईंना तिरफळं, पाव किलो. त्यांना समजावून सांगावं लागेल, पाव किलोत त्यांच्या सुनेचाही जन्म जाईल.