आईचा बाक आणि पाडलेला मॉल

गेल्या आठवड्यात आई पहिल्यांदाच एकटी खाली उतरली आणि पाऊण तासाने ताज्या पावाची पिशवी घेऊन वर आली. "अगं, इथे रस्त्यावर माणसं दिसतात," एवढेच ती म्हणाली, आणि मला एकदम भरून आले. मागच्या खेपेला आम्ही दुसऱ्या उपनगरात राहत होतो. सहा पदरी रस्ता ओलांडल्याशिवाय तिथे दुकान नव्हते, आणि ज्याला गाडी चालवता येत नाही त्याने खिडकीत बसून दिवस काढायचे, अशीच तिथली रीत होती.

आता आम्ही राहतो ती बेलमार वस्ती अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरला लागून असलेल्या लेकवूड शहरात आहे. 1966 साली इथे व्हिला इटालिया नावाचा अवाढव्य बंदिस्त मॉल उभा राहिला, ज्याच्या चारही बाजूंना डांबरी वाहनतळ होता. पुढे 1996 मध्ये पार्क मेडोजसारखे नवे मॉल आले, गिऱ्हाईक तिकडे वळले आणि 2001 मध्ये हा बंद पडला. कोलोरॅडोतील शहरांचा कारभार मोठ्या प्रमाणात विक्रीकरावर चालतो. त्यामुळे मॉल ओस पडणे ही नगरपालिकेच्या तिजोरीचीच चिंता होती. जवळजवळ सारी इमारत पाडून 104 एकरांवर 22 ब्लॉक, म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेले तुकडे, आखले गेले आणि 2004 पासून तिथे दुकाने उघडू लागली.

मला नवल वाटते ते रस्त्यांचे. एका सलग इमारतीच्या जागी पुन्हा गल्ल्या काढल्या, खाली दुकाने आणि वर घरे ठेवली, गाड्या मागच्या बहुमजली वाहनतळात नेल्या, आणि पदपथावर बाक मांडले. आमच्या दाराजवळच्या बाकावर दुपारी ऊन येते. आई तिथे काहीही विकत न घेता तासभर बसते आणि तिला कोणी उठवत नाही. आपल्याकडे बाजारपेठेतल्या पायरीवर बसायला कधी परवानगी लागली नाही, हे मी इथल्या सहकाऱ्यांना अभिमानाने सांगते. मात्र आपणही आता त्याच पेठा सोडून काचेच्या बंद मॉलकडे धावतो, हे सांगताना माझा आवाज खाली येतो. इथले भाडे आधीच्या घरापेक्षा जास्त आहे, अंगण नाही, आणि ओळखीचे लोक त्यावरून मला बोलतातही. आईचे पाय मोकळे झाले, याच्या तुलनेत मला तो हिशेब महत्त्वाचा वाटत नाही.

असे बदल सोपे नसतात. अनेक मॉलमध्ये मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स आपापल्या इमारतीची स्वतंत्र मालक असतात, आणि वाहनतळाची आखणी बदलायची तरी करारानुसार त्या सर्वांची संमती लागते. त्यातले एक बंद पडले की करारातल्या तरतुदींमुळे लहान दुकानदारांना भाडे कमी करून मागता येते किंवा जागा सोडता येते, आणि मग घसरण थांबवणे कठीण होते. 1956 साली मिनेसोटातील इडाइनामध्ये साउथडेल हा अमेरिकेतील पहिला बंदिस्त, वातानुकूलित उपनगरी मॉल रेखाटणाऱ्या व्हिक्टर ग्रुएन यांच्या मनात त्याभोवती घरे, शाळा आणि दवाखाने होते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी फक्त गाड्या उभ्या राहिल्या. व्हिएन्नाहून आलेल्या त्या वास्तुविशारदाला पुढे या मॉलविषयी उघड नाराजी वाटली, ती मला पूर्ण पटते.

तरीही शेजारच्या आजींचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. जुन्या मॉलमध्ये त्या बर्फाच्या दिवसांत सकाळी फेऱ्या मारायला जात. तिथे छप्पर होते, ऊब होती आणि पाय घसरत नसे. नव्या रचनेत तेवढे हरवले. आईला त्यांचे इंग्रजी निम्मेच कळते, पण आता बर्फ पडला की दोघी भल्या सकाळी आमच्या वाहनतळाच्या तळमजल्यावर, उभ्या गाड्यांच्या मागून, भिंतीच्या कडेने फेऱ्या मारतात.