रात्री दीडला लाल होणारी टेस्ट

दिवाळीपर्यंत आमच्याकडे डिप्लॉय, म्हणजे नवीन कोड सर्व्हरवर लाइव्ह करणं, हे एकाच माणसाचं काम होतं. सोसायट्यांच्या मेंटेनन्सच्या पावत्या काढायचं छोटं वेब अ‍ॅप आहे आमचं, जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस), सगळं एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमधे, आणि नवीन कोड टाकायचा म्हणजे आमच्या सीनिअरने एसएसएचने सर्व्हरच्या आत जायचं, गिट पुल मारून नवा कोड ओढायचा, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) चालवायचं, सर्व्हिस रिस्टार्ट करायची. दिवाळीत तो गावाला गेला, तिथे रेंज नाही, आणि इकडे पावतीवर चुकीची रक्कम यायला लागली. फिक्स अर्ध्या तासात तयार होता पण तो लाइव्ह करायला आम्हाला रात्र लागली, कारण रिस्टार्टच्या आधी स्टॅटिक फाइल्स गोळा करायची एक कमांड लागते ती फक्त त्याच्या डोक्यात होती.

तेव्हाच ठरवलं की हे सगळं फाइलमधे लिहून काढायचं. कोड गिटहबवरच होता म्हणून गिटहब अ‍ॅक्शन्स घेतलं, फाइलमधे लिहिलेल्या पायऱ्या ते आपोआप चालवतं, फ्री प्लॅनमधे प्रायव्हेट रेपोला महिन्याला २००० मिनिटं मिळतात, चार जणांच्या टीमला पुरतात. सुरुवातीलाच यामलने, म्हणजे ही फाइल ज्या फॉरमॅटमधे लिहितात त्याने, अडवलं. पायथनचं व्हर्जन ३.१० असं अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं होतं, यामल त्याला आकडा समजतं आणि शेवटचं शून्य उडवून ३.१ करतं, मग ते व्हर्जन सापडतच नाही. दुसरी अडचण पोस्टग्रेसची, त्याचा कंटेनर (प्रोग्रॅम चालवायचा बंदिस्त डबा) सुरू होतो पण डेटाबेस कनेक्शन घ्यायला तयार नसतो आणि टेस्ट, म्हणजे आपला कोड तपासणारे छोटे प्रोग्रॅम, आधीच धावायला लागतात, म्हणून डेटाबेस तयार आहे का ते बघणारा हेल्थ चेक लावावा लागतो. या दोन्ही गोष्टी एका दिवसात सुटल्या.

खरं सांगायचंय ते पुढचं. पुल रिक्वेस्टवर, म्हणजे कोणी आपला बदल मुख्य कोडमधे घ्या म्हटलं की, टेस्ट चालतातच, शिवाय रोज रात्री एकदा सगळ्या चालवायच्या असं ठरलं. शेड्यूल यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, लिहायचं होतं, मी २० वाजता लिहिलं, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर एक टेस्ट लाल, म्हणजे नापास. हाताने चालवली, हिरवी. परत रात्री लाल, सकाळी हिरवी. तीन दिवस सगळे म्हणत होते की टेस्ट लहरी आहे, काढून टाक, आणि मीही जवळजवळ काढलीच होती.

मग वेळ बघितली. टेस्ट तपासत होती की आज काढलेल्या पावतीवर आजची तारीख आहे का, आणि कोडमधे तारीख काढायला टाइमझोन डॉट नाऊ डॉट डेट वापरलं होतं, ते यूटीसीची तारीख देतं. रात्री बारा ते साडेपाच यूटीसीत अजून कालचाच दिवस असतो. म्हणजे टेस्ट बरोबर होती आणि कोड चूक होता, आणि या वेळात काढलेली प्रत्येक पावती आदल्या दिवसाची निघत होती, एक तारखेला तर आदल्या महिन्याची! नोकरी करून सोसायटीचं काम बघणारे सेक्रेटरी रात्री जेवण उरकूनच पावत्या काढायला बसतात हो, त्यातल्या दोघांनी महिना चुकल्याची तक्रारही केली होती आणि आम्ही त्यांना तुम्हीच तारीख चुकीची टाकली असेल असं सांगितलं होतं. त्याऐवजी आपल्या वेळेची तारीख देणारं लोकलडेट वापरलं, एका ओळीचा बदल, आणि त्या दोघांना फोन करून माफी मागितली.

डिप्लॉयचा भाग त्यानंतर लावला. मेनमधे, म्हणजे मुख्य कोडमधे, बदल मर्ज झाला की डॉकर इमेज (कंटेनरचा साचा) बनते, ईसीआर या एडब्ल्यूएसच्या इमेजच्या कोठारात जाते आणि त्यांचीच कंटेनर चालवणारी सेवा ईसीएस नवीन कंटेनर उभे करते. इमेजला लेटेस्ट असा टॅग न लावता कमिटचा हॅश, म्हणजे कोडमधल्या त्या बदलाचा खास क्रमांक, लावतो, मागे जायचं झालं तर कुठे जायचं ते नक्की कळतं. एडब्ल्यूएसच्या कायमच्या कीज गिटहबमधे ठेवायच्या नाहीत यावर मी अडून बसलो, ओआयडीसी या ओळख पटवायच्या पद्धतीने प्रत्येक रनला तात्पुरती परवानगी मिळते, सेटअपला अख्खी दुपार गेली तरी चालेल पण तेच करा.

डेटाबेसमधला एखादा कॉलम काढून टाकणारं मायग्रेशन मात्र आता दोन डिप्लॉयमधे करतो, आधी कोडमधून त्याचा वापर काढायचा आणि ते लाइव्ह गेल्यावर कॉलम, कारण नवीन कंटेनर येईपर्यंत जुने चालू असतात आणि ते तोच कॉलम मागतात. सीनिअर मे महिन्यात पंधरा दिवस गावाला होता, तेवढ्यात अकरा डिप्लॉय झाले, त्याला एकही फोन गेला नाही.