भंडाऱ्यातला रुपया

खंडोबाची यात्रा संपली की आठवड्याभरात आमच्या शाखेत दानपेटीची चिल्लर येते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॅश काउंटरला बसते. ती पोती दिसली की स्टाफमधले सगळे कामं काढून दुसऱ्या टेबलाकडे सरकतात. मी मात्र त्या दिवसाची वाट बघत असते. गेली सोळा वर्षं मी नाणी जमवते, आणि एवढी वेगवेगळ्या घरांतली चिल्लर एका ढिगात वर्षातून एकदाच बघायला मिळते.

यंदा गुरवकाका आणि ट्रस्टचा हिशेबनीस अशी जोडी सहा पोती घेऊन आली. पोत्याचं तोंड सोडलं की आधी भंडाऱ्याचा वास येतो. प्रत्येक नाण्याला हळद चिकटलेली. मशीनमध्ये ती तशीच घातली तर दर पाच मिनिटांनी मशीन अडकतं, म्हणून आधी गोणपाटावर पसरायची, फडक्याने झटकायची, मग मूल्याप्रमाणे ढीग लावायचे. शंभर-शंभरच्या थैल्या भरायच्या. हे काम हातानं होतं, म्हणून डोळ्यांना वेळ मिळतो.

मी बघते ती मुख्यतः सालाच्या खाली. हिऱ्याच्या आकाराची खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. १९८५ च्या रुपयावर सालाजवळ इंग्रजी एच दिसला तर समजावं की तो बर्मिंगहॅमला पाडलेला आहे. तेव्हा देशात नाण्यांची इतकी टंचाई होती की काही बाहेरच्या टांकसाळींतून करून आणावी लागली. हे एकदा कळलं की मूठभर चिल्लर वाचायलाच सुरुवात होते. जुन्या तांबे-निकेलच्या रुपयाला लोहचुंबक धरत नाही, १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया मात्र टक्कन चिकटतो. माझ्या ड्रॉवरमध्ये एक छोटं चुंबक कायम असतं.

दुपारपर्यंत दोन गोष्टी हाती लागल्या. संत ज्ञानेश्वरांचा १९९९ चा एक रुपया, आणि त्याच सालचा शिवछत्रपतींचा दोन रुपयांचा अकरा कोनांचा ठोकळा, कोपरे अजून बोटाला लागावेत इतका ताजा. आमच्याकडे सकाळी आल्याआल्या स्वतःजवळची रक्कम रजिस्टरला लिहावी लागते. मी त्या दिवशी मुद्दाम सुट्टी नाणी नेऊन ती लिहिली होती. साहेबांना बोलावलं, त्यांच्यासमोर तीन रुपये ढिगात टाकले आणि ही दोन उचलली. न सांगता उचललं असतं तर कुणाला कळलंही नसतं, पण मग ती नाणी मला अल्बममध्ये बघवली नसती.

"ह्याचे किती येतील ताई?" हिशेबनिसानं विचारलं. मी म्हटलं, "फार नाहीत." त्याला पटलं नाही. वैष्णोदेवीचं नाणं लाखाला जातं असं त्याच्या मोबाईलवर आलं होतं. अशी माणसं काउंटरला आठवड्याला दोन तरी येतात. कुणी आधी 'नोंदणी फी' भरून बसलेली असतात आणि ते ऐकताना माझ्या पोटात कालवतं. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की जुनी नाणी-नोटा विकण्याच्या व्यवहाराशी तिचा काही संबंध नाही, अशा फी-कमिशनच्या मागण्यांना फसू नका. तो मी छापून काचेला आतून चिकटवला आहे.

चार वाजता मशीन अडकलं. मला वाटलं पुन्हा हळदीचा गोळा. झाकण उघडून बोट घातलं तर एक जाड नाणं तोंडाशी आडवं झालं होतं. दहा रुपयांचं असेल म्हणून ओढलं, पण ते त्याहून मोठं निघालं, आणि टेबलावर पडलं तेव्हा वाजलं. शेजारच्या काउंटरच्या मावशींनीसुद्धा मान वळवली. स्टीलचं नाणं तसं वाजत नाही.

भंडारा फडक्यानं हलकेच टिपला. मुकुटातला राजा, पाचवा जॉर्ज. माझी छाती धडधडायला लागली, कारण १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया वेगळा असतो. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती त्यात असा बारका काढला होता की लोकांना तो डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, आणि ते रुपये मागे घेऊन पुढच्या साली हत्ती नीट कोरला. भिंग लावलं. हत्तीला सोंड व्यवस्थित होती. उलटं करून साल पाहिलं, १९१९.

मग वरच्या कडेला बोट फिरवलं तेव्हा खरं काय ते लागलं. राजाच्या मुकुटावर डाखाचा लहानसा उंचवटा होता. कधीकाळी ह्या रुपयाला कडी होती. हा कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेतला रुपया. संग्राहकाच्या हिशेबी कडी लागलेलं नाणं बाद, फक्त चांदीचा भाव. मला त्या उंचवट्यावरून बोट काढवेना. कडी ओढून तोडलेली नव्हती, कानशीनं घासून काढलेली होती, तिथे बारीक समांतर रेघा होत्या. म्हणजे कुणीतरी सोनाराकडे जाऊन माळेतला एकच रुपया सोडवून घेतला आणि देवाला वाहिला.

गुरवकाकांनी तो तळहातावर घेतला, कपाळाला लावला. म्हणाले, "नवस फेडला असंल कुणीतरी." कोण, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

साहेब म्हणाले, हे चलनात नाही, जमा धरता येत नाही, परत द्या. मी ट्रस्टच्या पावतीवर वेगळी ओळ लिहिली: चांदीचा रुपया एक, साल १९१९, वरती डाखाची खूण. काकांना दोनदा बजावलं की चिंच, राख, पितांबरी काही लावायचं नाही, आहे तसा मऊ कापडात ठेवा. जाताना त्यांच्याबरोबर मी कोपऱ्यावरच्या सोनाराकडे गेले आणि वजन करून घेतलं. नवा असताना तो ११.६६ ग्रॅमचा. काट्यावर ११.२० भरला. काकांनी तो आकडा पावतीच्या मागे लिहून घेतला.