फळमाशी आणि मीठ, नोंद 9: दोष लाल रंगाचा निघाला

काल रात्री पावणेबाराला मायक्रोस्कोपखाली अखेर हवं ते दिसलं. चाचणी अशी: तबकडीत रंगवलेल्या साखरेच्या दोन बाजू, एक निळी, एक लाल, आणि त्यातल्या एकीत मीठ. माशी जिथलं खाते तो रंग पोटात दिसतो, दोन्हीकडचं खाल्लं तर जांभळा. 50 मिलिमोलर (द्रावणातल्या तीव्रतेचं माप) मिठाची बाजू निळी होती. 58 माश्यांपैकी 33 निळ्या पोटाच्या, 14 लाल, 11 जांभळ्या. खात्रीसाठी आज पहाटे रंग उलटे केले, मीठ लाल बाजूला. 54 पैकी 31 लाल, 13 निळ्या, 10 जांभळ्या. रंग बदलला तरी माश्या मिठामागेच गेल्या. तीन आठवडे मी याचीच वाट बघत होतो.

मागच्या दोन नोंदींत मी लिहिलं होतं की माझ्या माश्या 50 लासुद्धा तोंड लावत नाहीत, बहुतेक वाणच तसा आहे. ते विधान मागे घेतो. वाणात काही खोट नाही.

झालं असं. 100 मिलिमोलरच्या आसपास किंवा त्याखाली मीठ माशीला ओढतं आणि बरंच वर गेलं की ती पाठ फिरवते, हे आपल्या सगळ्यांच्या हाताखालचं गणित. माझ्याकडे मात्र 10 पासून 500 पर्यंत सगळीकडे नकारच. उपास 18 तासांवरून 24 वर नेला. अगारोज (तबकडीतलं खाद्य थिजवणारी जेली) रोज ताजं केलं, कारण शिळ्या तबकडीतलं पाणी उडून मीठ वाढतं. दोन्ही बाजूंची साखर 2 मिलिमोलरवर आणली. साखर जास्त असली की मिठाची किरकोळ आवड तिच्याखाली दबून जाते. फरक शून्य.

गेल्या रविवारी शेवटी मीठच काढून टाकलं. दोन्हीकडे तीच साखर, वेगळा फक्त रंग. 60 पैकी 41 निळ्या, 7 लाल, 12 जांभळ्या. चाचणी पूर्ण अंधारात होते, म्हणजे रंग दिसून त्या बिचकल्या म्हणावं तर तेही नाही. लाल बाजूची चवच त्यांना नको होती, आणि मीठ मी पहिल्या दिवसापासून लालमध्येच घालत आलो होतो.

मग बाटलीवरचं लेबल नीट वाचलं. द्रवरूप लाल रंगात सायट्रिक आम्ल आणि सोडियम बेन्झोएट. पिवळसर पोटातून लाल उठून दिसत नाही म्हणून मी निळ्याचे 4 थेंब घालायचो तिथे लालचे 20. पीएच पट्टी लावली तर निळी बाजू जवळपास उदासीन, लाल सरळ 4. वर बेन्झोएटमधून सोडियम येतंय ते वेगळंच, म्हणजे ‘शून्य मीठ’ लिहिलेल्या तबकडीत सोडियम शून्य नव्हतं. खाण्याचे द्रव रंग या कामाला वापरू नका, कितीही सोयीचे वाटले तरी.

आता दोन्ही रंग पावडरचे: ब्रिलियंट ब्लू मिलिलिटरला 0.125 मिलिग्रॅम आणि लाल म्हणून सल्फोऱ्होडामिन बी 0.2. एवढं थोडं वजन नेमकं होत नाही, म्हणून दहापट घट्ट द्रावण करून ठेवायचं आणि लागेल तसं पातळ करायचं. बिनमिठाची तबकडी पुन्हा लावली: 24 निळ्या, 22 लाल, 14 जांभळ्या. हा समतोल बघून जो आनंद झाला तो मिठाच्या निकालाहून कमी नव्हता. वजनकाट्याचंही सांगतो. 100 मिलिलिटरमध्ये 50 मिलिमोलर म्हणजे 0.29 ग्रॅम मीठ, 0.1 ग्रॅमच्या काट्यावर ते मोजण्यात अर्थ नाही. मीठ बिनआयोडीनचं घ्या.

500 मिलिमोलरचा निकालही आता स्वच्छ आला: 52 पैकी फक्त 3 पोटांत मिठाच्या बाजूचा रंग. एक माशी मी बराच वेळ बघत राहिलो. पुढच्या पायाचा पंजा टेकला, सोंड अर्धी बाहेर आली, टोकावरचे केस थेंबाला लागले आणि सोंड झटक्यात आत. मग ती पाय घासत बसली. त्या एका स्पर्शात केवढं काही घडून जातं! केसाच्या टोकाला एकच छिद्र, आत दोन किंवा चार चव-चेतापेशी. संशोधक क्रेग मॉन्टेल यांच्या गटाने 2013 मध्ये आयआर76बी हा ग्राही (पेशीवरचं चव पकडणारं प्रथिन) कमी मिठाच्या ओढीशी जोडला. मायकेल गॉर्डन यांच्या गटाच्या 2018 च्या कामात दिसलं की मिठासाठी एकच वेगळी पेशी नाही, चव ओळखणाऱ्या बहुतेक प्रकारच्या पेशी त्यात भाग घेतात. 2022 मध्ये आणखी दोन ग्राही पुढे आले: गोड पेशीतला आयआर56बी ओढीच्या बाजूला आणि आयआर7सी जास्त मिठाच्या नकाराच्या बाजूला. दोघांनाही आयआर25ए आणि आयआर76बी सोबत लागतात. म्हणजे ओढ आणि नकार या दोन्हींत तेच दोन जोडीदार. हे मला फार सुंदर वाटतं.

पुढे 100, 150, 200, 250 असा जिना करून ओढीचा नकार होतो ते वळण नेमकं कुठे येतं ते शोधायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं, माझ्या वाढवण्याच्या खाद्यात यीस्ट भरपूर आहे, म्हणजे क्षारही आलेच. मिठाला मुकलेल्या माश्यांचा जास्त मिठाबद्दलचा नकार सौम्य होतो हे 2018 च्याच कामात आहे. मग माझं वळण खाद्यावरच ठरणार. जिना मागे ठेवतो. आधी दोन गट: एक नेहमीच्या खाद्यावर, दुसरा 3 दिवस नुसत्या साखर-अगारोजवर, आणि दोघांनाही 250. सोबत पोटॅशियम क्लोराइडची एक तबकडीही लावावी म्हणतो, त्याच तीव्रतेची.

बिनमिठाच्या बाटलीत आत्ताच 70 माश्या सोडल्या आहेत. मोजणी गुरुवारी रात्री.