तुम्ही विचारलंत म्हणून: हो, कथबर्टच

एक गोष्ट आधीच मिटवून टाकतो. हे माझं खरं नाव आहे. टोपणनाव नाही, कुणा गोऱ्या साहेबाने ठेवलेलं नाही, आणि ‘घरी काय म्हणतात?’ याचं उत्तर ‘बर्टी’ असं आहे, त्यामुळे त्यानेही तुमचं समाधान व्हायचं नाही. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, साहित्याच्या कार्यक्रमानंतर चहाचा कप हातात असताना मला हा प्रश्न गाठतोच. मराठी इतकं छान बोलता, मग नाव असं इंग्रज कसं? वसईच्या ख्रिस्ती माणसाची भाषा कोणती, हे विचारणाऱ्यांना आता ठाऊक झालेलं असतं. अडतं ते नावापाशी. डिसोजा, परेरा चालतं, फ्रान्सिस चालतो. कथबर्ट म्हटलं की भुवया वर जातात.

अर्थ हवा असेल तर सोपा आहे. जुन्या इंग्रजीत ‘कुथ’ म्हणजे माहीत असलेला, नावाजलेला. पुढचा ‘बर्ट’ म्हणजे तेजस्वी. रॉबर्ट आणि आल्बर्टच्या शेवटी आहे तोच. आपल्याकडे यशवंत म्हणतात, त्याच्या आसपासचं काहीतरी. कथेशी संबंध नाही. कीर्तनकाराच्या घराण्यातले का, असंही मला एकाने विचारलं होतं.

आता हे नाव माझ्या वाट्याला कसं आलं. माझा जन्म 20 मार्चचा. वडिलांच्या मनात ‘जोसेफ’ होतं, कारण संत जोसेफचा सण 19 तारखेला आणि मी एका रात्रीने चुकलो. पण आळीत आधीच इतके जोसेफ होते की एकाला हाक मारली की सगळे ओ देत. फादरांनी संतांचं कॅलेंडर उघडलं आणि 20 तारखेचा संत वाचून दाखवला. वडील शेतकरी, केळी आणि पानवेलीतला माणूस. त्यांना ते नाव नीट उच्चारताही येत नसे, पण ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं, एवढं त्यांना पुरलं.

तो संत सातव्या शतकातला, इंग्लंडच्या उत्तर टोकाच्या नॉर्थम्ब्रियाचा. पोरगेलेपणी मेंढ्या राखायचा, मग मेलरोझच्या मठात गेला, पुढे लिंडिस्फार्न बेटावरच्या मठाचा कारभारी झाला. आणि मग तिथूनही पळाला. इनर फार्न नावाच्या खडकाळ बेटावर एकटा राहिला. खोपटाभोवती भिंत एवढी उंच बांधली की आभाळाशिवाय काही दिसू नये. बिशप हो म्हणून मनधरणी करायला खुद्द राजा एग्फ्रिथ होडीत बसून आला. 685 मध्ये त्याने ते पद घेतलं, दोनेक वर्षं कसंबसं निभावलं आणि मरायला परत त्याच खडकावर गेला. तारीख 20 मार्च 687. अकरा वर्षांनी शवपेटी उघडली तर देह न कुजलेला. जुन्या गोव्यात ‘गोंयच्या सायबा’च्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, दर्शनाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मग व्हायकिंगांच्या धाडी सुरू झाल्या. 875 मध्ये मठवासीयांनी ती पेटी उचलली आणि वर्षानुवर्षं घेऊन फिरले. आधी चेस्टर-ल-स्ट्रीट, शेवटी 995 मध्ये डरहॅम. तो आजही तिथल्या कॅथीड्रलमध्ये आहे. 1104 साली पेटी उघडली तेव्हा आत योहानाच्या शुभवर्तमानाची छोटी प्रत मिळाली, मूळच्या बांधणीसकट. ब्रिटिश लायब्ररीने ती 2012 मध्ये 90 लाख पौंडांना विकत घेतली. आणि त्याच पेटीत राजा ऑस्वाल्डचं शिर ठेवलेलं होतं.

इथे मला हसू येतं. आमच्या आळीत ऑस्वाल्ड होता, आमच्या विहिरीला पंप बसवून देणारा. एडविन होता. विल्फ्रेड तर दोन होते. एडविन आणि ऑस्वाल्ड हे नॉर्थम्ब्रियाचे राजे, विल्फ्रेड तिथला भांडखोर बिशप, कथबर्टच्याच काळातला. अख्खं सातव्या शतकातलं नॉर्थम्ब्रिया माझ्या लहानपणी सायकलवरून पानांच्या करंड्या स्टेशनवर पोचवत होतं, आणि यातल्या कुणालाच त्याची गंधवार्ता नव्हती. नावं इंग्रजांची म्हणता ना? फ्रान्सातून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मनांनी 1066 नंतर तिथे सगळीकडे विल्यम आणि रॉबर्ट पेरले तेव्हा ही जुनी नावं बरीचशी मागे पडली. कथबर्ट तगला तो उत्तरेत, या संताच्या जोरावर. ट्रॅफल्गारच्या समुद्री लढाईत 1805 मध्ये नेल्सन पडल्यावर ब्रिटिश आरमाराची सूत्रं हातात घेणारा कॉलिंगवुड न्यूकॅसलचा, म्हणून तो कथबर्ट. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या धर्मपंडितांना जुन्या संतांचं प्रेम आलं, ही नावं पुन्हा वर आली, आणि त्याच लाटेत बोटीवर चढून आमच्यापर्यंत पोचली. पुढे तिकडे ओहोटी लागली. आता इंग्लंडात लोकप्रिय नावांच्या याद्या निघतात, त्यातल्या पहिल्या शंभरात मी नसतो. तिथे राहणाऱ्या माझ्या भाचीने 2021 मध्ये मला एका सुरवंटाच्या आकाराच्या केकचा फोटो पाठवला. आल्डी या सुपरमार्केटने त्याचं नाव ठेवलंय कथबर्ट. मार्क्स अँड स्पेन्सर या दुसऱ्या दुकानसाखळीने त्यावर दावा ठोकला, कारण त्यांचा कॉलिन नावाचा सुरवंट आधीचा. पुढच्या वर्षी दोघांनी आपसात मिटवलं. ‘मामा, तू कोर्टात आहेस,’ असं खाली लिहिलं होतं.

हे सगळं तुम्हाला गमतीचं वाटेल, मलाही वाटतं. पण तुम्ही ज्या सुरात विचारता त्या सुराची मला जी चीड आहे, ती या गमतीतून आलेली नाही.

1984 साली मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. खोली शोधत होतो. नारायण पेठेतल्या एका वाड्यात जिन्याखालची खोली रिकामी असल्याचं कळलं. मालक अंगणात पेपर वाचत बसले होते. ‘नाव काय?’ मी ‘क’पर्यंत आलो आणि पुढे म्हणालो, ‘केशव.’ आडनाव असं की कुठेही खपतं. गाव वसई म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. ‘वा! चिमाजीअप्पांची वसई!’ म्हणाले आणि 1739 ची मोहीम मला सांगायला लागले, जणू मी तिच्यातून नुकताच परतलो होतो. खोली मिळाली. घरची पत्रं छापखान्याच्या पत्त्यावर यायची, तिथे मी खरा होतो. संध्याकाळी लकडी पूल ओलांडला की केशव. जमून गेलं. इतकं जमलं की काकूंनी एकदा माझ्यासाठी मुलगी सुचवली.

त्या वर्षी पावसाळ्याआधी वडील न कळवता आले. छापखान्यात गेले, मी कामानिमित्त बाहेर. शिपायाने वाड्याचा पत्ता दिला. पुढचं मला मालकांनीच रात्री सांगितलं, हसत हसत, सुपारी कातरताना. एक म्हातारा आला होता, हातात पिशवी. कोणी कथबर्ट विचारत होता. ‘मी म्हटलं, असला कुणी इथे नाही, अशी नावं कँपात मिळतील. इथे एक केशव आहे, तुमच्या वसईचाच, पण तो आपल्यातला.’ म्हातारा जरा वेळ उभा राहिला. दोरीवर माझा शर्ट वाळत होता, आमच्या आळीतल्या शिंप्याने शिवलेला. तो त्यांनी पाहिला की नाही, हे मालकांनी सांगितलं नाही आणि मी कसं विचारणार? पाणी प्यायला. म्हणाला, ‘मग माझीच चूक झाली.’ निघताना पिशवीतून सुकेळ्यांचं पुडकं काढून दिलं. ‘त्या केशवला द्या. गावाकडची आहेत, त्याला आवडतील.’

मालकांनी दोन खाल्ली होती. फार गोड आहेत हो, म्हणाले.

वडिलांनी हा विषय कधी काढला नाही. मीही नाही. फक्त त्यानंतरची पत्रं छापखान्यात यायची थांबली, वाड्यावर यायला लागली. वर पत्त्यात आणि आत मायन्यातही एकच अक्षर: ‘चि. के. यास’. शाळा चौथीपर्यंत झालेल्या माणसाने शोधून काढलेली ती वाट होती. मी ती वर्षभर वापरली, मग खोली बदलली.

आता तुम्ही म्हणाल, खरं नाव सांगितलं असतं तर खोली मिळाली नसती का? इथेच काटा आहे. मालकांनी मला नकार दिलेलाच नव्हता. त्यांनी तो द्यायच्या आत मी तो स्वतःच्या वतीने घेऊन टाकला. कदाचित ते म्हणाले असते, बरं, भाडं आगाऊ द्या. कदाचित जिन्यावरून परत पाठवलं असतं. ‘आपल्यातला’ हा शब्द त्यांनी ज्या सहजतेने वापरला त्यावरून मी अंदाज बांधतो, पण तो शब्द त्यांच्या तोंडी यायला माझा केशवच कारण होता.

त्या चोवीस वर्षांच्या मुलाशी मी अजून भांडतो. मी म्हणतो, बापाला दारातून परत पाठवलंस. तो म्हणतो, मी घरी नव्हतो. आणि तू आता वसईत स्वतःच्या घरात पेन्शनीवर बसून हे म्हणतोस, तेव्हा रात्री खानावळ बंद झाल्यावर खोल्या शोधत तू फिरत होतास का? मी म्हणतो, हो, मीच फिरत होतो. तो म्हणतो, मग गप्प बस. त्याचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मी आजही म्हणणार नाही.

बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात आलं की पहिल्या महायुद्धात लंडनच्या ‘ईव्हनिंग न्यूज’मधले ‘पॉय’ नावाने चित्रं काढणारे व्यंगचित्रकार आघाडीवर जायचं टाळून सरकारी कचेऱ्यांत लपलेल्या तरुणांना घाबरट सशांच्या रूपात दाखवत, आणि त्यांना नाव दिलं होतं ‘कथबर्ट’. शब्द रूढ झाला. कथबर्ट म्हणजे लपून बसलेला. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि बायकोला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे केशव झालास तेव्हाच तू खरा कथबर्ट होतास. तिचं हे असंच असतं. संतही उंच भिंत बांधून लपलाच होता की, असं मी म्हणून पाहिलं. तो देवासाठी लपला होता, तू जिन्याखाली, ती म्हणाली.

तर ‘नाव इंग्रज का’ याला माझं उत्तर: ते ज्यांचं होतं त्यांनी ते आधी संताला दिलं, मग सशाला, मग सुरवंटाला. माझ्या वडिलांनी ते मला दिलं तेव्हा त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते तुम्ही माझ्याकडून काढून घेऊन लंडनला परत पाठवता, याचा मला राग येतो. आणि त्याच वेळी कुरिअरवाल्याला फोनवर मी ‘के. लिहा, बास’ असं सांगतो. त्यावरून मला ढोंगी म्हणायचं तर म्हणा. दुपारी दोन वाजता ‘थ’ला ‘ब’ जोडून दाखवायची ताकद माझ्यात नसते.

नातवाला ठेवलंत का, हा तुमचा शेवटचा प्रश्न असतो. नाही. तो रायन आहे, त्याच्या वर्गात आणखी रायन आहेत. मुलाने मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी ‘ठेव’ म्हणालो असतो, असं बायको छातीठोकपणे सांगते. मी म्हणतो, मी नको म्हणालो असतो. मुलगा म्हणतो, म्हणूनच नाही विचारलं.