चंद्राचा तिरकेपणा सुटला एकदाचा (आणि बॉलहेडने घातलेला घोळ)

बीजेपासून कृष्ण चतुर्दशीपर्यंत रोज चंद्राचा फोटो काढून सगळ्या कलांची एक माळ करतेय. मागच्या अपडेटमध्ये रडगाणं गायलं होतं की त्या एका ओळीत लावल्या तर प्रत्येक चंद्र आपापल्या दिशेला कललेला दिसतोय. तो प्रश्न काल रात्री सुटला! चंद्रावरचं टायको विवर पहिल्यांदा कडक फोकसमध्ये आलं तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उगवताना चंद्र एका बाजूला कललेला, मावळताना दुसऱ्या बाजूला, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यात बीजेची कोर संध्याकाळी मिळणार आणि कृष्ण चतुर्दशीची पहाटे, त्यामुळे रोज ठरावीक वेळी फोटो काढायचा हा उपायच बाद. मग मी क्रायसियम आणि ग्रिमाल्डी हे चंद्राच्या समोरासमोरच्या कडांजवळचे दोन काळे डाग धरून जुळवत बसले होते. पण पहिल्या कोरीत फक्त क्रायसियम, शेवटच्या कोरीत फक्त ग्रिमाल्डी, दोन्हीकडे दिसेल अशी एकही खूण नाही, म्हणून आजचा फोटो कालच्याला, कालचा परवाच्याला असं करत जायचं, आणि लिब्रेशनमुळे (म्हणजे चंद्र आपल्याला किंचित डोलताना दिसतो त्यामुळे) क्रायसियम कधी कडेला चिकटलेलं तर कधी चांगलं आत आलेलं, त्यामुळे चूक साठत साठत शेवटची कोर पार भलतीकडे. तीन आठवडे यात गेले.

मग सुचलं की चंद्रावर खूण शोधायचीच कशाला, आकाशाची दिशाच फोटोत पकडू. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, एक फोटो काढायचा, कशालाही हात न लावता दोन मिनिटांनी दुसरा. तेवढ्यात चंद्र साधारण आपल्या व्यासाइतका सरकतो. दोन्ही फोटोंत एकच विवर पकडून रेघ जोडली की ती आकाशातली पूर्व-पश्चिम. चंद्राची स्वतःची उत्तर-दक्षिण हालचाल असते, पण तिची चूक फार तर एखादा अंश, तेवढी चालते. त्या रात्री चंद्राचा अक्ष उत्तरेपासून किती अंश कललाय हा आकडा नासाच्या चंद्रकलांच्या पानावर तासागणिक मिळतो. तेवढं फिरवलं की झालं.

आणि नाही झालं! पहिल्या चार रात्री सगळं साडेतीन-चार अंशांनी चुकत होतं. आकडेमोड तीनदा तपासली, काही सापडेना. शेवटी दिवसा दूरच्या एका खांबावर कॅमेरा लावून तसेच दोन फोटो काढले तर खांबच 40 पिक्सेल सरकलेला. बॉलहेड! ट्रायपॉडवर कॅमेरा धरणारा तो गोळ्याचा सांधा लॉक केल्यावरही लेन्सच्या वजनाने हळूहळू बसत होता. माझ्या 300 एमएमवर दोन मिनिटांत चंद्र साधारण 630 पिक्सेल जातो, त्यात 40 म्हणजे तीच साडेतीन अंशांची चूक. आता लेन्सला कॉलर (ट्रायपॉडवर बसवायचं कडं) लावून वजन मधोमध आणलंय, लॉक केल्यावर तीन मिनिटं थांबते आणि मगच पहिला फोटो. माझं स्पष्ट मत, चंद्रासाठी बॉलहेड घेऊच नका, जास्त मेगापिक्सेलच्या मागे लागण्यापेक्षा तो पैसा दातेरी चाकांनी फिरणाऱ्या गिअर्ड हेडमध्ये घाला.

अजून एका जागी अडकाल म्हणून सांगते. तो अक्षाचा आकडा उत्तरेकडून पूर्वेकडे मोजलेला असतो आणि उत्तर वर धरली तर आकाशात पूर्व डावीकडे येते, नकाशाच्या उलट. मी एकदा उलटं फिरवलं आणि 18 अंशांचा कल जायच्या ऐवजी 36 झाला. शिवाय फिरवायचं ते स्टॅकिंग (बरेच फोटो एकावर एक रचून एक करणं) झाल्यावर, एकदाच. दर वेळी फिरवलं की विवरांच्या कडा मऊ पडतात.

मधल्या मधे एक सुंदर गोष्ट हाती लागली. तृतीयेच्या कोरीला अर्धा सेकंद, आयएसओ 3200 देऊन पाहिलं, कोर पांढरी जळाली पण अंधाऱ्या भागावर भूप्रकाश, म्हणजे पृथ्वीवरून परतलेला उजेड, उतरला आणि त्यात अरिस्टार्कस विवर बारीक उजळ ठिपक्यासारखं स्पष्ट! कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

आता पुढचं. ढगांमुळे पाच रात्री रिकाम्या आहेत, त्या पुढच्या महिन्यातल्या त्याच कलांनी भरायच्या असं ठरवलं होतं, कल तर आता सरळ करता येतो. पण हे लिहिताना लक्षात येतंय की लिब्रेशन वेगळं असणार, म्हणजे क्रायसियम शेजारच्या रात्रींशी जुळणारच नाही, उगाच खोटी माळ होईल. त्यापेक्षा त्या जागा रिकाम्याच ठेवते. आणि दोन महिन्यांतली एकच कला शेजारी शेजारी लावायची, दोन्ही उत्तर वर, आकार आहे तसाच, म्हणजे चंद्र किती डोलतो आणि जवळ-लांब होतो ते एका नजरेत दिसेल. माळेपेक्षा मला आता हेच जास्त करावंसं वाटतंय. शुक्ल अष्टमी माझ्याकडे चांगली आहे, तिची जोडी पुढच्या महिन्यात. शुक्ल दशमीची ज्यांच्याकडे सलग दोन महिन्यांची असेल त्यांनी क्रायसियमपासून कडेपर्यंतचं अंतर मोजून सांगा.